आधी दाम, मग दोरी

श्रोतेहो, गुरांच्या बाजारात ज्यांनी एखादी सकाळ घालविली असेल, त्यांनी एक दृश्य अवश्य पाहिले असेल. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवितात. दोन पावले मागे, दोन पावले पुढे, थोडे रुसणे, थोडे परतणे, हे सारे यथासांग पार पडते. परंतु भाव ठरला म्हणजे बैल विकला गेला, असे तेथे कोणी मानीत नाही. नोटा मोजल्या जातात, मोजलेल्या पुन्हा मोजल्या जातात, कोपरीच्या आतल्या खिशात जातात, आणि मगच बैलाची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ह्या रीतीत कोणाला कोणाचा अपमान वाटत नाही. विकणारा नोटा मोजतो म्हणून घेणारा रागावत नाही, आणि घेणारा बैलाचे दात पाहतो म्हणून विकणाराही रुसत नाही.

हीच रीत घरच्या अंगणात, कुत्र्याचे पिल्लू विकताना मात्र आपण विसरतो. गिऱ्हाईक समोर नसते, ते दूरध्वनीवर असते; पैसा हातात येत नाही, तो आल्याचा निरोप येतो. आणि निरोपालाच पैसा समजून आपण दोरी सोडून देतो.

सीमाभागातील श्रोत्यांना ह्या विषयाचे वेगळे महत्त्व सांगावयास नको. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याच्या संस्थानाचे गाव. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी ज्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली, ती जात मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात तिला कारवानी असेही म्हणतात. लांब पाय, निमुळते तोंड, खपाटीला गेलेले पोट आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारी धाव, असे हे जनावर. ९ जानेवारी २००५ रोजी डाक विभागाने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळच्या ह्या कुत्र्याला स्थान मिळाले. मुधोळजवळच तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातही ह्या जातीचा उल्लेख झाला. गावोगावच्या साध्या घरांतून वाढणाऱ्या ह्या पिल्लांसाठी आता दूरदूरच्या शहरांतून विचारणा होते. विचारणा करणारा माणूस अनोळखी असतो, आणि अडचण सुरू होते ती येथेच.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात सेवानिवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी. दारी मुधोळ जातीची कुत्री. तिला सात पिल्ले झाली आहेत. पोस्टमास्तरांनी पस्तीस वर्षे टपाल खात्यात काढली. व्ही. पी. चे पार्सल रक्कम हाती आल्यावाचून कोणाला देऊ नये, हा धडा त्यांनी कितीतरी नव्या पोस्टमनांना दिलेला. पिल्ले आठ आठवड्यांची झाली, लसीची पहिली मात्रा टोचून झाली, आणि एका सकाळी दूरध्वनी आला. बोलणारा मोठा अदबशीर. "काका, फोटो पाहिला. पिल्लू पसंत आहे. तुम्ही बारा हजार म्हणता, बारा हजार देतो. माझी गाडी आज संध्याकाळी तुमच्या गावावरून जाणार आहे, ड्रायव्हर पिल्लू घेऊन येईल."

संध्याकाळी गाडी आली. पाठोपाठ पोस्टमास्तरांच्या भ्रमणध्वनीवर एक चित्र आले: हिरवी खूण, बारा हजारांचा आकडा, खाली त्यांचेच नाव. लगेच दुसरा संदेश आला की, आपल्या खात्यात बारा हजार रुपये जमा झाले आहेत. खाते उघडून पाहावे असे त्यांच्या मनात आले, पण त्या वेळी नेटवर्क मिळेना. ड्रायव्हर दारात उभा, घड्याळाकडे पाहतो आहे. माणूस दारात तिष्ठत असता पैशाची खात्री करीत बसणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी पिल्लू दिले. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले तेव्हा खात्यात काही जमा झालेले नव्हते. संदेश बँकेचा नव्हताच. तो एका साध्या क्रमांकावरून, बँकेच्या भाषेची नक्कल करून धाडलेला होता. गिऱ्हाइकाचा दूरध्वनी त्या दिवसापासून बंद.

घरी आल्यावर पत्नीने टेबलाचा खण उघडला. त्यात लसीचे कार्ड तसेच होते. ड्रायव्हरने ते मागितले नव्हते, आणि द्यावयाचे ह्यांनाही सुचले नव्हते. लसीची दुसरी मात्रा पुढच्या आठवड्यात द्यावयाची होती. ती आता कोण देणार, कोठे देणार, कोणास ठाऊक! बारा हजार रुपये बुडाल्याचे दुःख पोस्टमास्तरांना होतेच. पण त्या कार्डाकडे पाहवेना, हे दुःख त्याहून मोठे होते.

श्रोतेहो, त्यांची चूक अज्ञानाची नव्हती. चूक भिडेची होती. व्ही. पी. चा नियम त्यांना पाठ होता. परंतु तो सरकारी खिडकीमागे उभे राहून पाळणे सोपे होते, स्वतःच्या ओसरीवर पाळणे कठीण गेले. भीड ही भिकेची बहीण असे म्हणतात. फसविणाराला आपली भीडच हवी असते, म्हणून तो घाई करतो. भाव न करणारे, जनावर न पाहणारे, त्याच्या खाण्यापिण्याविषयी आणि लसीविषयी एक अक्षर न विचारणारे आणि आजच्या आजच नेऊ म्हणणारे गिऱ्हाईक भेटले, तर हरखून जाण्याऐवजी सावध व्हावे.

ह्या प्रसंगातून निघणारा पहिला नियम साधा आहे. पैसे आल्याची वार्ता निराळी आणि पैसे येणे निराळे. गिऱ्हाइकाच्या भ्रमणध्वनीवर काय दिसते, त्याने कोणते चित्र धाडले, आपल्याला कोणता संदेश आला, ह्यांपैकी कशालाही पैसा मानू नये. अशी चित्रे बनविणे आज पोरखेळ झाला आहे. आपले खाते आपल्या हाताने उघडावे, शिल्लक किती होती आणि किती झाली हे पाहावे. नेटवर्क नसेल तर ते येईपर्यंत पिल्लू आपल्या अंगणात राहील. खरा गिऱ्हाईक चहा पीत बसेल. खोटा निघून जाईल. दोन्ही परींनी आपला लाभच आहे.

पंधरा दिवसांनी दुसरा प्रसंग आला. ह्या वेळचा माणूस आपण लष्करात असल्याचे सांगत होता. आपल्या लोकांना सैनिकाविषयी आदर असतो, आणि तो आदर लबाडांच्या उपयोगी पडतो. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवून विश्वास संपादन करण्याची ही युक्ती देशभर वापरली गेली आहे. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे. मी एक क्यूआर कोड पाठवितो. तो स्कॅन करा, आकडा घाला, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात येतील." पोस्टमास्तरांनी चष्मा लावला. शेजारी भाजी निवडीत बसलेल्या त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "अहो, पैसे आपल्याला यायचे आहेत ना? मग आपल्या कुलपाची किल्ली आपण कशाला फिरवायची?"

ह्या एका प्रश्नात दुसरा नियम संपूर्ण आला आहे. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली, तेव्हापासून तिचे सूत्र एकच आहे: पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि समोरच्याचा कोडही स्कॅन करावा लागत नाही. जो कोणी "पिन टाका, म्हणजे पैसे मिळतील" असे सांगतो, तो आपल्याच तिजोरीचे दार आपल्याकडून उघडवून घेत असतो. पूर्वी अशी माणसे पैशाची मागणी पाठवून आपली संमती मिळवीत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक दार बंद झाले, तरी कोड आणि अनोळखी दुवे ही दारे उघडीच आहेत. आपल्या भ्रमणध्वनीचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे एखादे ॲप उतरवून घ्या, असे कोणी सांगितले, तर संभाषण तेथेच थांबवावे.

ह्याच घराण्यातील आणखी एक युक्ती आहे. गिऱ्हाईक घाबऱ्या आवाजात सांगते की, दोन हजारांऐवजी चुकून वीस हजार पाठविले, आई रुग्णालयात आहे, वरचे अठरा हजार ताबडतोब परत करा. पुष्कळदा मूळ रक्कम आलेलीच नसते, आलेला असतो तो खोटा संदेश. आणि क्वचित रक्कम खरोखरच आलेली असली, तरी ती तिसऱ्याच कोणाची, चोरलेली असू शकते. म्हणून जादा रक्कम आली असेल तर आपल्या बँकेला कळवावे आणि बँकेच्याच सल्ल्याने ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. दूरध्वनीवर सांगितलेल्या दुसऱ्या खात्यात कदापि पाठवू नये. चोरीचा पैसा आपल्या खात्यातून पुढे गेला, तर पोलिसांच्या सूचनेवरून आपलेच खाते गोठविले जाण्याचा प्रसंग येतो. त्यासाठी पैसे पाठविणाराचे नाव आणि पिल्लू नेणाराचे नाव एकच आहे ना, हे आरंभीच पाहून ठेवावे.

धनादेशाविषयी जुन्या माणसांना पुष्कळ विश्वास असतो. परंतु धनादेश हे पैसे देण्याचे वचन आहे, पैसे नव्हेत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तो वटविण्याची पद्धत बरीच जलद झाली आहे. तेव्हा तो वटेपर्यंत पिल्लू आपल्याजवळ ठेवणे आता फारसे अडचणीचेही नाही. धनादेश न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ विक्रेत्याच्या मदतीला येते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावयाची, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावयाची, असा तो मार्ग आहे. मार्ग खरा, परंतु बारा हजारांसाठी कचेरीचे उंबरठे झिजविण्यापेक्षा दोन दिवस पिल्लाला भाकरी घालणे केव्हाही स्वस्त. रोख रक्कम असेल तर ती दिवसाउजेडी, शक्य तर बँकेतच मोजून घ्यावी. म्हणजे खोट्या नोटेची शंका तेथल्या तेथे फिटते.

आता कायदा विक्रेत्याला काय देतो तेही पाहावे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे ज्याला किंमत मिळालेली नाही अशा विक्रेत्याला, उधारीचा करार नसेल तर, किंमत मिळेपर्यंत वस्तू आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. कायद्याच्या दृष्टीने जनावर ही जंगम मालमत्ताच, म्हणून हा हक्क पिल्लालाही लागू पडतो. पण गिऱ्हाइकाने पाठविलेल्या माणसाच्या हाती पिल्लू दिले, किंवा कोणतीही अट न ठेवता ते गाडीवाल्याच्या स्वाधीन केले, की हा हक्क सुटतो. गुरांच्या बाजारातील दोरीचा नियम आणि कायद्याचा नियम, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: दोरी हातात आहे तोवर बोलणे आपले आहे.

कायद्याची दुसरी बाजू विक्रेत्याला कर्तव्ये सांगते. २०१७ साली केंद्र सरकारने श्वानप्रजनन व विक्रीसंबंधी नियम केले. त्यांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. हे ओझे वाटते, पण ते विक्रेत्याचे संरक्षणही आहे. ज्याचे कागद अपुरे, तो फसला तरी तक्रारीस जावयास कचरतो, आणि लबाड माणूस असेच घर हेरतो. शिवाय आठ आठवड्यांची ही मुदत म्हणजे गिऱ्हाइकाची पारख करण्यास मिळालेला अवकाश आहे. त्या काळात विसार घ्यावा, परंतु लेखी घ्यावा. कोणते पिल्लू, त्याची खूण काय, एकूण किंमत किती, विसार किती, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला आणि कशी द्यावयाची, गिऱ्हाईक न आल्यास विसाराचे काय, आणि त्याआधी पिल्लू दगावले वा आजारी पडले तर विसार परत केव्हा, इतक्या गोष्टी अर्ध्या पानात मावतात. त्यावर दोघांच्या सह्या हव्यात आणि प्रत दोघांपाशी हवी.

पैशाची पुष्कळशी भांडणे लबाडीमुळे नव्हे, तर संदिग्धतेमुळे होतात. अर्धी रक्कम आज, अर्धी महिन्याने, असे तोंडी ठरते. आठ दिवसांनी पिल्लाला पार्व्होचा ताप भरतो. रोगाचे बीज इकडचे की तिकडचे, हे कोणास सांगता येत नाही, कारण संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसण्यास बहुधा तीन ते सात दिवस लागतात. गिऱ्हाईक उरलेली रक्कम देत नाही, आणि दोन्ही घरी प्रामाणिक माणसे असून वैर माजते. यासाठी पिल्लू नेण्याच्या दिवशीच पशुवैद्याकडून तपासून दाखला घ्यावा, किती दिवसांतल्या आजाराची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवावे, आणि बाकी काही ठेवूच नये.

इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. तक्रार जितकी लवकर, तितका तो वाटेत अडविला जाण्याचा संभव अधिक. आलेले संदेश, क्रमांक, चित्रे पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. पोस्टमास्तरांनी तक्रार केली, पण चार दिवस उशिरा. ते चार दिवस संकोचात गेले होते.

पुढे त्यांच्याकडे बेळगावहून एका बाईंचा दूरध्वनी आला. त्या संकोचत म्हणाल्या, "काका, राग मानू नका. न पाहिलेल्या पिल्लासाठी मागे एकदा मी आगाऊ पैसे पाठविले, आणि पिल्लू मुळी नव्हतेच. म्हणून आधी पिल्लाची आई पाहीन, मग विसार देईन." पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, राग कशाचा? आमच्याही घरची आता तीच रीत आहे."

रविवारी त्या मुलीला घेऊन आल्या. मुलीने कुत्रीला पाहिले, पिल्लांना पाहिले आणि छातीवर पांढरा ठिपका असलेले पिल्लू मागितले. दोन हजार विसार दिला गेला, पावती झाली. ठरलेल्या दिवशी पशुवैद्याचा दाखला आणून ठेवला होता. बाईंनी ओसरीवर बसून दहा हजार पाठविले. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, स्वतःचे खाते उघडले आणि रक्कम दिसेपर्यंत मान वर केली नाही. ह्या दोन मिनिटांत कोणी कोणाचा अपमान केला नाही. बाई चहा पीत होत्या, मुलगी पिल्लाशी खेळत होती.

मग त्यांनी खण उघडला. आत दोन कार्डे होती. एक त्यांनी बाईंच्या हाती दिले आणि पुढच्या मात्रेची तारीख बोटाने दाखविली. दुसरे परत खणात ठेवले. त्यानंतर मुलीच्या हातात दोरी दिली.

असा व्यवहार विश्वासाच्या विरुद्ध नाही. विश्वास त्यातूनच उभा राहतो. ज्या गिऱ्हाइकाला पैसे मोजून घेतलेले चालतात, त्याच्याच घरी पिल्लाला दोन वेळ भाकर आणि वेळेवर लस मिळण्याची आशा अधिक. म्हणून विकणाराने भीड सोडावी. ती सोडल्याने आपले दाम वाचतातच, शिवाय जे बोलू शकत नाही, जे आपल्या अंगणात डोळे उघडून मोठे झाले, ते कोणाच्या घरी गेले हे आपल्याला ठाऊक राहते.